गढीच्या सावलीत शेतकरी बाजार: पहिल्या ठरावापासून शेवटच्या झाडूपर्यंत

रविवारी सकाळी गढीच्या दरवाजापाशी मोटारी येऊन लागतात. नागपूर-अमरावतीकडची मंडळी बुरुजावर चढतात, फोटो काढतात, टपरीवरचं चिप्सचं पाकीट फोडतात आणि तासाभरात निघून जातात. तिथून दीडशे पावलांवर एखादी बाई अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसलेली असते. त्याच शेंगा तिला दुसऱ्या दिवशी ऑटोचं भाडं भरून तालुक्याला न्यायच्या असतात. गिऱ्हाईक दारात येऊन गेलं, हे तिला कळतही नाही.

या दोघांची गाठ घालून देण्याचं काम आम्ही काही जण आमच्या गावात करतो. विदर्भातल्या ज्या गावाजवळ किल्ला, गढी, हेमाडपंती मंदिर, जुनी बारव किंवा उत्खननाची टेकडी आहे, तिथे हे जमण्यासारखं आहे. पण आधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. बाजार वास्तूच्या शेजारी भरवायचा, वास्तूच्या आत भरवायचा नाही, आणि त्यातून वास्तूच्या वाट्याला दर वेळी काही तरी आलं पाहिजे.

जुनी माणसं जमिनीचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. वऱ्हाडातल्या कितीतरी गढ्यांना शत्रूची तोफ कधी लागलीच नाही. गावानेच त्या टोपल्याटोपल्यांनी उचलून नेल्या. पांढरी माती घराच्या धाब्याला चांगली, शेतात टाकायलाही चांगली. गढी कोणाच्याच पोटापाण्याची नसेल तर तिची माती तरी कामाला यावी, असा तो साधा हिशेब होता. काळीतला माल पांढरीवर विकला जाऊन चार घरांत पैसा आला की हा हिशेब बदलतो. आमच्याकडे तो बदलताना मी पाहिला आहे, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

जागा कोणाची, हे कागदावर शोधा

गावात विचारलं तर सगळे सांगतील, "गढी गावाची आहे." कागद वेगळंच सांगतो. तलाठ्याकडे सातबारा, ग्रामपंचायतीत नमुना आठ आणि भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका, हे तीन उतारे आधी काढा. गढी बहुधा देशमुख किंवा जमीनदार घराण्याच्या वारसांच्या नावे निघते. कधी दहा-पंधरा नावं असतात आणि त्यातली निम्मी पुण्या-मुंबईला असतात. मंदिर असेल तर ट्रस्ट असतो, दर्गा असेल तर वक्फची नोंद असू शकते. सगळ्यांची लेखी संमती मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

मग वास्तू संरक्षित आहे का ते पाहा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा फलक असेल, त्यावर राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक असं लिहिलेलं असेल, तर 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. मार्कंडादेव, गाविलगड, नरनाळा, लोणारचं दैत्यसूदन मंदिर ही सगळी याच यादीतली. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा 200 मीटरचा पट्टा विनियमित धरला जातो. हे निर्बंध बांधकामावरचे आहेत, पण म्हणून मोकळं रान समजू नका. स्मारकाच्या आत काय करता येतं, हे 1959 च्या नियमांत आहे. परवान्याशिवाय माल विकता येत नाही, नेमून दिलेल्या जागेशिवाय स्वयंपाक किंवा जेवण करता येत नाही, आणि सभा-कार्यक्रमालाही आधी परवानगी लागते. त्यामुळे संरक्षित हद्दीच्या आत बाजार ही कल्पना पहिल्याच दिवशी सोडून द्या. हद्दीबाहेर, पण 100 मीटरच्या आत बसायचं असेल तर पाया न घेता, खड्डा न खणता, संध्याकाळी उचलता येईल अशीच मांडणी ठेवा आणि त्याबद्दलही लेखी पत्र घ्या.

राज्य संरक्षित स्मारकांना 1960 चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. ती स्मारकं राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात. दोन्ही ठिकाणी नागपूरच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. पण त्याआधी तुमच्या भागातल्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षण सहायकाला प्रत्यक्ष भेटा आणि जागेवर घेऊन या. रस्ता कुठून, गाड्या कुठे, कचरा कुठे जाणार हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की कागद लवकर हलतो. अर्जासोबत हाताने काढलेला नकाशा जोडा. अंतरं पावलांत न लिहिता मीटरमध्ये लिहा. पहिल्या बाजाराच्या किमान दोन महिने आधी अर्ज द्या.

जंगलातल्या वास्तूंचा प्रश्न आणखी वेगळा आहे. नरनाळा मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात येतो, गाविलगडाभोवतीही जंगलच आहे, तिथे वनविभागाचा शब्द शेवटचा. माझं मत असं की अशा किल्ल्यावर बाजाराचा विचारच करू नये, पायथ्याच्या गावात करावा. नरनाळ्याचा बाजार शहानूरला बसला तर किल्ला पाहून खाली उतरणारा प्रत्येक जण तिथूनच जाणार आहे. आणि उतरताना घेतलेलं ओझं वर चढताना वाहावं लागत नाही, हाही फायदा आहेच.

फलक नसलेल्या, कोणत्याही यादीत नसलेल्या गढीला परवानगीची कटकट कमी, आणि जबाबदारी मात्र पूर्ण तुमची. तिला सांभाळणारं दुसरं कोणीच नाही.

ग्रामसभेत बाजारठेक्याचा विषय आधी घ्या

ठराव लिहिताना बहुतेक गावं एक गोष्ट विसरतात. आठवडी बाजाराची वसुली ग्रामपंचायत लिलावाने ठेक्याला देते. तुमचा नवा बाजार गावच्या हद्दीत बसला की पहिल्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस पावतीबुक घेऊन येतो, आणि त्याचंही चूक नसतं, त्याने पैसे भरलेले असतात. आमच्या पहिल्या बाजारात यावरून सकाळी आठ वाजता बाचाबाची झाली. दोन बायका टोपल्या उचलून घरी निघून गेल्या, आणि त्यांना परत आणायला पुढे तीन आठवडे लागले. म्हणून ठरावात स्पष्ट लिहा की हा शेतकरी बाजार ठेक्यातून वगळला आहे, वसुली बाजार चालवणाऱ्यांचा समूह करील आणि हिशेब दर तीन महिन्यांनी ग्रामसभेसमोर ठेवील. चालू ठेका असेल तर ठेकेदाराला बोलावून त्याच्यासमोर ठरवा.

गडचिरोलीत आणि चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती या जिल्ह्यांच्या अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागांत पेसा कायदा आहे. 1996 च्या या कायद्याने गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकारच ग्रामसभा आणि पंचायतीला दिला आहे. तिथे निर्णय ग्रामसभेतच व्हायला हवा, सरपंचांच्या ओसरीवर नाही.

वार ठरवताना आजूबाजूच्या चार गावांचे बाजारवार भिंतीवर लिहून काढा. त्यातला एकही वार घेऊ नका. ज्या आठवडी बाजारावर तुमचंच गाव जगतं, त्याचं गिऱ्हाईक ओढणं बरं नाही. दर आठवड्याला भरवण्याची घाईही नको. महिन्यातून दोनदा, दुसरा आणि चौथा रविवार, हे आम्हाला मानवलं. माल साठतो, माणसं वाट पाहतात, आणि गढीलाही मधले दिवस मोकळे मिळतात.

मांडणी: इथे जमीनसुद्धा जुनी आहे

हा भाग सावकाश वाचा. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि नुकसान करणाऱ्याला ते दिसतही नाही.

आमच्या पहिल्या मांडवासाठी पोरांनी पहारीने खड्डे घेतले. दीड हात खाली गेल्यावर पहार खणकन वाजली. बाहेर आला चपट्या, रुंद विटेचा तुकडा आणि त्याला चिकटलेली राख. कोणाच्या तरी चुलीची जागा असावी. आम्ही खड्डा तसाच बुजवला, पण तो थर तिथे कायमचा तुटला. रामटेकजवळच्या नागरधनला 2015 ते 2018 या काळात उत्खनन झालं, तेव्हा वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची, बोटांच्या चिमटीत मावेल एवढी मातीची मुद्रा मिळाली. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला बौद्ध स्तूप असेच मातीखाली होते. पांढरीच्या टेकाडात काय आहे, हे खणण्याआधी कोणालाच माहीत नसतं. म्हणून आमचा पहिला नियम असा: पहार, टिकाव, कुदळ घेऊन बाजाराच्या जागेत कोणी यायचं नाही.

मग सावली कशी करायची? त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. बंडी उभी करा. बैल सोडले, धुरा टेकवला, वर ताडपत्री टाकली की चाकावरचं दुकान तयार. बंड्या आता कमी उरल्या आहेत, पण पाच-सहा गावांत मिळून दहा निघतात. बाकीच्यांनी बाजा आणाव्यात. बाजेवर माल जमिनीपासून वर येतो, म्हाताऱ्या गिऱ्हाइकालाही जमिनीपर्यंत वाकावं लागत नाही, धूळ लागत नाही, आणि चार पायांखाली चार लाकडी फळ्या ठेवल्या की जमीन दबत नाही. मोठं छप्पर हवंच असेल तर लोखंडी पाइपांचा मांडव घ्या आणि त्याचे पाय वाळूच्या गोण्यांनी किंवा पाण्याच्या ड्रमनी दाबा. डिसेंबरच्या वाऱ्याला एका पायाला दोन गोण्या पुरतात. अवकाळीचं आभाळ दिसलं तर मांडव उभारूच नका.

भिंतीपासून आम्ही 30 फूट सोडतो. तिथे चुन्याच्या फक्कीने रेघ मारतो. रेघेच्या आत दुकान नाही, गाडी नाही, दोरी नाही. बॅनर बांधायला बुरुजातली फट दिसली की हात शिवशिवतात, हे माहीत आहे. त्यासाठी बांबूचे सुटे तिकाटणे करून ठेवा. प्रत्येक दुकानाला 8 बाय 8 फुटांची जागा आणि पुढच्या रस्त्याला 10 फूट, म्हणजे दोन माणसं पिशव्या घेऊन समोरासमोर आली तरी धक्का लागत नाही. बाजार एका ओळीत, वास्तूकडे पाठ करून बसवा. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे गढी आणि फोटोत फक्त ताडपत्र्या, असं होऊ देऊ नका.

दगडालाही माल बाधतो. जुन्या ओट्यावर मिरची, हळद, तेलाचा डबा, मिठाचं पोतं ठेवायचं नाही. हळदीचा आणि तेलाचा डाग दगडात मुरतो. मीठ आणखी वाईट. ते ओलीबरोबर आत शिरतं, सुकताना त्याचे खडे धरतात आणि दगडाचा पापुद्रा उडतो. वऱ्हाडातला काळा दगड थोडंफार सोसतो, पण मार्कंडादेवासारख्या ठिकाणचा वाळूचा दगड सगळं शोषून घेतो. आमच्या दरवाजाशेजारच्या ओट्यावर मिरचीच्या तेलाचा एक तांबूस गोल अजून आहे. बाजाराच्या दुसऱ्या खेपेला तिथे लोणच्याची बरणी ठेवली होती. तो घासून काढायला जाऊ नका, घासल्याने दगड जातो. नव्या विक्रेत्याला आम्ही आधी तो डाग दाखवतो, मग जागा देतो.

आग्या मोहोळ, धूर आणि खाणं

किल्ल्याच्या कमानीत, बुरुजाच्या पोटात, मंदिराच्या शिखराखाली आग्या मोहोळ असतंच. हिवाळ्यात, म्हणजे नेमकं बाजाराच्या दिवसांत, पोळी मोठी असतात. आग्या माश्या धुराने, मोठ्या आवाजाने, उग्र अत्तराने उठतात आणि अर्धा किलोमीटरपर्यंत पाठलाग करतात. आदल्या दिवशी दुर्बिणीने किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून सगळ्या कमानी तपासा. पोळं दिसलं तर बाजार त्या बाजूला घेऊ नका. पोळं जाळायचं तर अजिबात नाही. मधमाशी काळीतलीच कामकरी आहे, तुरीला आणि संत्र्याला ती हवी असते.

या कारणासाठी बाजारात चूल पेटवायची नाही, डीजे नाही, फटाके नाहीत, ड्रोन नाही. स्वागतासाठी डफडं वाजवायचं असेल तर ते वेशीपाशी, गढीपासून लांब. चार जाड घोंगड्या आणि 108 क्रमांकाची मोठी पाटी तयार ठेवा. माश्या उठल्याच तर एकाने घोंगडी पांघरून मुलांना जवळच्या बंद खोलीत न्यायचं, ती खोली कोणती हे आधीच ठरवायचं आणि तिची किल्ली कुलपालाच लटकू द्यायची.

मग खाण्याचं काय? पाहुणा खाण्यासाठीच तर येतो. रोडगे गोवऱ्यांवरच चांगले होतात आणि गोवऱ्यांचा धूर मैलभर दिसतो. म्हणून रोडगे, वांग्याची भाजी, वरण हा सगळा बेत धूर गढीकडे जाणार नाही अशा अंगाच्या शेतात करा, गढीपासून निदान 200 पावलांवर, आणि जेवायची पंगतही तिथेच बसवा. पाहुण्यांना तेवढं चालणं आवडतं. वाटेत पऱ्हाटीची ओळ दिसते, हरभऱ्याचा ढाळा उपटून खाता येतो. बाजाराच्या जागेत फक्त तयार, कोरडं खाणं ठेवा: तिळाची आणि जवसाची चटणी, चून-भाकर, तुरीच्या सोल्यांच्या कचोऱ्या, मोहफुलाचे लाडू. वाढायला पळसाच्या पत्रावळी. प्लास्टिकवर 2018 पासून राज्यात बंदी आहेच, पण इथे ती खरोखर पाळायची. किल्ल्याच्या खंदकात अडकलेली पिशवी काढायला दोर लावून उतरावं लागतं.

विक्रेता कोण, आणि ते ओळखायचं कसं

नियम एका ओळीचा: स्वतः पिकवलेलं, स्वतः वेचलेलं किंवा स्वतः बनवलेलं. तो पाळणं मात्र सोपं नाही. तिसऱ्याच बाजाराला एखादा छोटा हत्ती टेम्पो येतो, त्यात मार्केटमधून उचललेली आलू-कांद्याची पोती असतात आणि पाटीवर "शेतातून थेट" लिहिलेलं असतं.

नोंदणीच्या वेळी सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतात कोणतं पीक आहे याची नोंद बघा. संत्री विकणाऱ्याच्या उताऱ्यावर संत्र्याची नोंद हवी. पण एवढ्यावर थांबलात तर गरिबातला गरीब माणूस बाहेर राहील. विदर्भात कितीतरी जण ठोक्याने, मक्त्याने, बटईने शेती करतात आणि त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. बाईच्या नावावर तर शेत बहुधा नसतंच. रानभाजी आणि चारोळी वेचणारी, तळ्यातून शिंगाडे काढणारे ढीवर बांधव यांच्याकडे कसला सातबारा? त्यांच्यासाठी गावातल्या दोन माणसांची ओळख पुरेशी धरा आणि ती वहीत सहीनिशी लिहून ठेवा. समूहातल्या दोघांनी अधूनमधून शेतावर जाऊन यावं. आम्ही जातो. तपासणी म्हणून जातो आणि बहुतेक वेळा चहा पिऊन येतो, पण पीक डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

सुरुवात 12 ते 15 विक्रेत्यांनी करा. त्यातल्या निम्म्या तरी बायका असू द्या. उमेद अभियानाचे किंवा माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) बचत गट गावात असतात, त्यांना शेवटी नुसतं निमंत्रण देण्याऐवजी पहिल्या बैठकीलाच बसवा. एकाच मालाची चार दुकानं झाली तर भाव पडतो, म्हणून आदल्या गुरुवारी कोण काय आणणार ते फोनवर विचारून घ्या.

महिन्याप्रमाणे माल बदलतो आणि तीच या बाजाराची मजा आहे. दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री, सीताफळ, शिंगाडे, भंडारा-गोंदियाकडचा नवा तांदूळ. पौष-माघात तुरीच्या शेंगा, हुरडा, बोरं, ढेमसे, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री, वायगावची हळद, भिवापूरची मिरची. या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणून ते नाव फक्त त्याच भागातल्या मालाला लावू द्या. एप्रिलपासून ऊन 45 अंशांकडे जातं, तेव्हा बाजार सकाळी 6 ते 9 किंवा सरळ बंद. पावसाळ्यात एखादा दिवस फक्त रानभाज्यांचा करा: तरोटा, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते. भाजी ओळखणारी जाणती बाई शेजारी असल्याशिवाय ती विकू देऊ नका.

काटा, पाट्या आणि परवाने

पायली आणि कुडव शोभेला ठेवा. विक्री किलोतच, वैधमापनाचा शिक्का असलेल्या काट्यावर. प्रवेशाजवळ एक तपासणी काटा ठेवा, शंका आली की गिऱ्हाइकाने तिथे वजन करून बघावं. भांडणं तिथेच मिटतात.

फळं-भाजीपाला 2016 पासून बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे, आणि शेतकऱ्याने आपला माल गिऱ्हाइकाच्या घरगुती वापरासाठी थेट विकायला अडचण नाही. पणन मंडळाचा संत सावता माळी यांच्या नावाचा शेतकरी आठवडे बाजार उपक्रम आहे, त्याची चौकशी करा. लोणचं, पापड, चटणी, लाडू यांना मात्र एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती गटाच्या नावाने काढली तर एकेकीला हेलपाटा पडत नाही. प्रत्येक बाजेवर पाटी हवी: नाव, गाव, माल, भाव. खडूने लिहा, भाव दुपारी उतरवता येतो.

जुनी नाणी, मूर्ती, ताम्रपट कोणी विकायला आणला तर तो विकू देऊ नका. पुरावस्तूच्या व्यापाराला 1972 च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. शेतात काही सापडलं असेल तर तहसीलदारांना कळवा.

गढीची गोष्ट कोण सांगणार

बाजाराला आलेल्या माणसाला 20 मिनिटांची फेरी द्या. सकाळी 9 आणि 11 वाजता, एका वेळी 15 जण. गावातली नववी-दहावीची मुलं हे फार छान करतात. त्यांच्याकडून आधी दोन रविवार तयारी करून घ्या आणि प्रत्येक वाक्याला "हे आपल्याला कसं माहीत?" असं विचारा. शिलालेख, गॅझेटियर, कागदपत्र यांत असलेलं एका वहीत आणि आजीने सांगितलेलं दुसऱ्या वहीत. दोन्ही सांगावं, पण "आजी असं सांगते" म्हणून सांगावं.

एक गोष्ट मात्र आम्ही फेरीतून काढून टाकली. प्रत्येक गढीत एक भुयार असतं, ते म्हणे थेट दुसऱ्या किल्ल्यात निघतं आणि त्यात सात रांजण मोहरा असतात. पाहुणे डोळे मोठे करून ऐकतात. पण या गोष्टीपायी आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने रात्री गढ्या खणल्या जातात, भिंती पोखरल्या जातात. आमची मुलं आता भुयाराच्या जागी धान्याचं पेव दाखवतात. ते खरंच आहे, त्यात ज्वारी साठवायचे, आणि ज्वारीची गोष्ट बाजाराला जास्त शोभते.

बाजाराचा दिवस

पहाटे 6 ला फक्कीची रेघ आणि सहा ठरलेल्या जागांचे फोटो: दरवाजा, दोन बुरुज, ओटा, बारव, रस्ता. 7 ला विक्रेते, त्यांच्या गाड्या माल उतरवून लगेच शाळेच्या मैदानावर. 8 ला सुरुवात. उद्घाटनाची भाषणं ठेवू नका, भाजी सुकते. पिण्याचं पाणी आणि शौचालय कुठे आहे याची पाटी सगळ्यात मोठ्या अक्षरांत लावा. बायका पाहुण्या म्हणून परत येतात की नाही, हे बरंचसं शौचालयावर ठरतं. आमच्याकडे शाळेचं शौचालय त्या दिवशी उघडं ठेवतो आणि एक मावशी तिथेच असते, तिला पूर्ण रोज देतो. 1 वाजता बाजार उठतो. उरलेली पालेभाजी शाळेच्या पोषण आहारासाठी किंवा गुरांना, जागा लोटून फक्कीची रेघ पुसायची. शेवटी तेच सहा फोटो पुन्हा.

हिशेब

आमचा एका साध्या रविवारचा हिशेब असा. 30 विक्रेत्यांचे 50 रुपयांप्रमाणे 1500. ठरावानुसार दुचाकीचे 10 रुपये, 120 गाड्या, म्हणजे 1200. जमा 2700. सफाई आणि मावशी मिळून 1000, पाणी 300, ऑटोवरून दवंडी 400, खडू-सुतळी-फक्की 200. खर्च 1900. उरले 800, त्यातले 400 गढीच्या पेटीत. ग्रामनिधीतून पहिले तीन बाजार काढावे लागले होते, तेव्हा एकाही विक्रेत्याकडून पैसा घेतला नाही. तुम्हीही घेऊ नका.

गढीच्या पेटीतला पैसा दुरुस्तीवर मनाने खर्च करू नका. सिमेंट तर अजिबात नको. चुन्याच्या जुन्या भिंतीत सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि शेजारचा दगड फुटतो. आमच्या पैशातून आम्ही भिंतीतली पिंपळाची रोपं कोवळी असतानाच कापून घेतो, पावसाळ्याआधी पाण्याच्या वाटा मोकळ्या करतो आणि माती नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटेवर दगडी अडसर घातला आहे. मूळ धरलेलं झाड उपटत नाही, उपटलं तर भिंत घेऊन येतं. संरक्षित स्मारकात यातलं काहीही विभागाला विचारल्याशिवाय करायचं नाही.

तीन बाजार झाले की फोटोंची वही, हिशेब आणि विक्रेत्यांची यादी घेऊन पुरातत्त्वाच्या कार्यालयात जा. 19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो, त्या आठवड्यातल्या बाजाराचं निमंत्रण त्याच भेटीत द्या. आमच्याकडे एक अधिकारी असेच आले. पिशवीभर सोले घेतले, ओट्यावरचा तो तांबूस डाग बराच वेळ निरखला आणि त्यावर कशाचा लेप लावून बघता येईल ते आमच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून गेले. येत्या फेब्रुवारीत, विभागाचा माणूस समोर असताना, आम्ही तो लेप लावणार आहोत.